म्हाताऱ्या बँडचा नवा अल्बम ऐकण्याची रीत

सत्तरी-ऐंशीतल्या माणसांच्या बँडनं नवा अल्बम काढला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘आता काय उरलंय त्यांच्यात, जुनंच ऐक.’ दुसरा, ‘मन कोरं करून ऐक.’ पहिला आळशी आहे आणि दुसरा निव्वळ थापाडा. ज्यांची गाणी तीस वर्षं कानात मुरली आहेत, त्यांच्यासाठी कोरं मन आणायचं कुठून? अपेक्षा कमी असेल तर असू द्या. तिनं काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर, त्याकडे येतोच.

उदाहरण एकच घेतो, रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’. २० ऑक्टोबर २०२३ ला आला. त्याआधीचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम २००५ चा, म्हणजे मध्ये १८ वर्षं गेली. २०१६ ला एक आला होता, पण तो इतरांच्या जुन्या ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकसंगीत) गाण्यांचा. गायक मिक जॅगर ८० वर्षांचा, गिटारवादक कीथ रिचर्ड्सला ८० पुरी व्हायला दोन महिने बाकी, आणि ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेलेला. माझी अपेक्षा शून्य नव्हती, उणे होती.

१. आधीचं सिंगल, म्हणजे अल्बमआधी सुटं काढलेलं गाणं, ऐकू नका. ‘अँग्री’ सप्टेंबरमध्ये आलं, मी ते फोनच्या स्पीकरवर ऐकलं आणि दीड महिना अख्ख्या अल्बमला शिव्या घातल्या. चूक माझीच.

२. पहिल्यांदा सलग ऐका. बारा गाणी, पाऊण तासाहून थोडं जास्त. शफल बंद. भांडी घासताना ऐकलंत तरी चालेल, फक्त मत बनवू नका.

३. ‘हुश्श’ ओळखा. सगळी गोम इथं आहे. मी इथं एकदा नाही, तीनदा आपटलोय.

वाईट असेल म्हणून धरून चाललेला अल्बम बरा निघाला की छातीवरचा दगड उतरतो. त्या सुटकेला आपण आवड समजतो. नापास होणार म्हणून घरानं सोडून दिलेला पोरगा ५८ टक्क्यांनी पास झाला की पेढे वाटतात. पेढे खरे, आनंद खरा, पण टक्के ५८च. मी त्या रात्री मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘१९७८ च्या ‘सम गर्ल्स’नंतरचा सर्वोत्तम!’ एका मित्रानं शांतपणे उत्तर दिलं, ‘हेच तू २००५ ला म्हणाला होतास.’ म्हणालो होतो खरा. स्टोन्सच्या जवळजवळ प्रत्येक अल्बमला कुणी ना कुणी हे वाक्य चिकटवतंच. ते वाक्य तोंडावर आलं की समजा, बोलतेय ती हुश्श.

यावर मी करतो ते असं. पहिलं, अल्बममधली दोन-तीन गाणी घ्यायची आणि त्याच बँडच्या मधल्या, फारशा न गाजलेल्या अल्बममधल्या गाण्यांत मिसळायची. स्टोन्सच्या बाबतीत ‘डर्टी वर्क’ (१९८६), ‘व्हूडू लाउंज’ (१९९४), ‘ब्रिजेस टू बॅबिलॉन’ (१९९७) यांतली. १९७२ च्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’शी तुलना करू नका, तिथं कुणीही हरेल, ते स्वतःसुद्धा. मग आठवडाभर ही यादी कामाच्या वेळी लावून ठेवायची आणि पुढचं गाणं लावायला हात आपसूक कुठं जातो तेवढं बघायचं. हात खोटं बोलत नाही. एक खबरदारी मात्र घ्या : ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करण्याची सोय असते, ती चालू ठेवा. हल्लीचं रेकॉर्डिंग जुन्यापेक्षा मोठ्या आवाजात केलेलं असतं आणि मोठं वाजणारं गाणं क्षणभर चांगलंच वाटतं.

दुसरं, गाण्याभोवतीची गोष्ट बाजूला काढा. हे जास्त अवघड. ‘लिव्ह बाय द सोर्ड’ या गाण्यात चार्लीचे ड्रम आहेत, त्यानं मरणाआधी वाजवलेले. बास गिटार वाजवलीय बिल वायमननं, ज्यानं नव्वदीच्या दशकात बँड सोडला होता. पियानोवर एल्टन जॉन. हे सगळं वाचून मी ऐकायला बसलो आणि डोळे भरून आले. मग तेच गाणं भाचीला ऐकवलं, जिला यातलं एकही नाव माहीत नाही. तिनं विचारलं, ‘मामा, अजून किती आहे?’ मला राग आला, पण पोरीचं बरोबर होतं. गाणं साधारण आहे, रडू आलं ते माणसांसाठी. याच्या उलट ‘बाइट माय हेड ऑफ’. त्यात बास बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचा आहे, पण ते कळलं नाही तरी गाणं खुर्चीतून उठवतं.

तिसरं, निदान पंधरा दिवस कुणाला काही सांगू नका. मला हे अजून जमत नाही.

४. मग एक वाद्य धरून ऐका. इथं ड्रम घ्या. चार्ली फक्त दोन गाण्यांत आहे, सातव्या ‘मेस इट अप’ आणि आठव्या ‘लिव्ह बाय द सोर्ड’मध्ये, इतर गाण्यांचा मुख्य भार स्टीव्ह जॉर्डन या ड्रमरवर. चार्लीची लकब जुन्या मैफलींच्या व्हिडिओत डोळ्यांनी दिसते : दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअरवर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) ठोका पडतो तेव्हा हाय-हॅटवरचा (झांजांची जोडी) हात तो उचलून घेतो. त्यामुळे ठोक्याभोवती जरा हवा राहते. जॉर्डन भरीव वाजवतो. कुणी कमी नाही, पण सहाव्यावरून सातव्या गाण्यात जाताना खोली बदलल्यासारखं वाटतं. एप्रिल २००३ मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर मी त्यांना ऐकलं होतं. तेव्हा माझं सगळं लक्ष जॅगरच्या धावपळीकडे होतं. वाया घालवली ती संध्याकाळ.

५. ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ मध्येच बंद करू नका. त्यात गायिका लेडी गागा आणि कीबोर्डवर स्टीव्ही वंडर आहेत, सात मिनिटांच्या वर चालतं. संपलं असं वाटतं, आणि मग ते परत सुरू होतं. खरी मजा तिथून पुढे.

६. शेवटचं गाणं एकट्यानं ऐका. ‘रोलिंग स्टोन ब्लूज’. अमेरिकी ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या १९५० च्या ज्या गाण्यावरून बँडचं नाव पडलं, तेच. कीथची गिटार, मिकचा आवाज आणि माउथ ऑर्गन, बाकी काही नाही.

एलपी (तबकडी) घ्यायची असेल तर या सगळ्यानंतर घ्या. माझ्या यादीत आज चार गाणी टिकून आहेत : हे शेवटचं, ‘बाइट माय हेड ऑफ’, ‘स्वीट साउंड्स’ आणि ‘ड्रीमी स्काइज’. बारापैकी चार. आणि ‘अँग्री’ परवा रिक्षात वाजलं, तेव्हा पाय ठेका धरत होता, हेही लिहून ठेवतो.