वेटआयडीमधील एका ओळीची दुरुस्ती

कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामात नव्याने येणाऱ्यांना मी सर्वप्रथम लिनक्स ४.१३ मधील वेटआयडी या सिस्टिम कॉलची (प्रोग्रामने कर्नलकडून काम करवून घेण्याच्या मार्गाची) २०१७ साली झालेली दुरुस्ती वाचायला सांगतो. संपलेल्या चाइल्ड प्रोसेसचा (प्रोग्रामने स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसचा) क्रमांक, स्थिती वगैरे माहिती हा कॉल प्रोग्रामने दिलेल्या पत्त्यावर लिहितो. तो पत्ता युझर स्पेसच्या, म्हणजे प्रोग्रामांसाठी राखलेल्या मेमरीच्या, हद्दीतलाच आहे ना, हे लिहिण्यापूर्वी ‘ॲक्सेस ओके’ या कर्नलमधील तपासणीने पाहावे लागते. प्रत्येक आकडा वेगळा लिहिताना ही तपासणी आपोआप होत असे. मात्र युझर मेमरी कर्नलसाठी एकदाच खुली करून सगळे आकडे सलग लिहिण्याची पद्धत आली, तेव्हा ती गळाली आणि सामान्य वापरकर्त्यालाही कर्नलचाच पत्ता देऊन तेथे लिहवून घेणे शक्य झाले.

मी ही त्रुटी क्यूएमू या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये जुना कर्नल चालवून पाहिली. प्रोसेसरचे स्मॅप हे संरक्षण असले लेखन अडवील, अशी माझी समजूत होती आणि ती सुटायला दोन संध्याकाळी गेल्या. स्मॅप कर्नलला युझरच्या मेमरीला नकळत हात लावू देत नाही. कर्नल स्वतःच्याच मेमरीत लिहीत असेल, तर त्याची काहीच हरकत नसते.

दुरुस्ती म्हणजे तपासणीची ओळ परत घालणे, आणि ३२-बिट प्रोग्रामांसाठी असलेल्या जोडरूपातही तीच ओळ घालणे. पण मला अधिक शिकवले ते त्यानंतरच्या छोट्या पॅचने. पहिल्या पॅचमध्ये तपासणी फसली की नियंत्रण त्रुटी हाताळणाऱ्या भागावर (लेबलवर) जाई आणि तेथे, मुळात खुलीच न केलेली, युझर मेमरी बंद केली जाई. त्या वेळी यातून अपाय होत नव्हता, तरीही दुसऱ्या पॅचने तेथे थेट ‘ई-फॉल्ट’ हा चुकीच्या पत्त्याचा त्रुटी-संकेत परत करायला लावले. पुढे लिनक्स ५.० मध्ये ही तपासणी मेमरी खुली करणाऱ्या फंक्शनमध्येच गेली, आणि माझ्या मते खरा उपाय तोच होता, कारण त्यामुळे तपासणीची आठवण ठेवण्याचा भार कोड लिहिणाऱ्या प्रत्येकावर उरला नाही.

स्वतः अशी तपासणी लिहायची वेळ आली, तर पत्ता आणि लांबी यांची बेरीज करून मर्यादेशी ताडू नका. प्रचंड लांबी दिली की बेरीज उलटून लहान होते. लांबी मर्यादेत आहे हे आधी पाहा, मग मर्यादेतून ती वजा करून पत्ता ताडा. शिवाय ‘ॲक्सेस ओके’ फक्त हद्द पाहते, त्या पत्त्यावर मेमरीचे पान खरोखर आहे की नाही हे पाहत नाही. म्हणून त्यानंतर प्रत्यक्ष कॉपी करणाऱ्या फंक्शनने परत केलेले मूल्यही तपासावेच लागते.