गावाचं काम जिल्हा नियोजनात कसं बसवायचं

खान्देशच्या विकासाचा एकच आराखडा करणारं मंडळ आज नाही. 1994 साली झालेल्या वैधानिक विकास मंडळांपैकी ‘उर्वरित महाराष्ट्र’ मंडळात आपण होतो. त्याची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली. त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा नियोजन समित्याच आपल्या कामाच्या.

समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. घटनेनुसार किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून येतात. प्रत्यक्ष फाइल मात्र जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयात हलते. पहिली भेट तिथे घ्या.

निधीचे तीन कप्पे आहेत: सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना. एका कप्प्याचा पैसा दुसऱ्याच्या कामाला चालत नाही. आदिवासी उपयोजनेसाठी नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी बोलावं लागतं. पेसा गावांना (पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या गावांना) या उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, थेट मिळतो. लहान कामं ग्रामसभेने त्यातूनच उरकावीत. समितीच्या रांगेत थांबू नये.

आता रावेर-यावल पट्ट्यातला केळीच्या मळ्यांचा रस्ता घ्या. पावसात ट्रक रुतला की काढलेला माल बांधावरच पिकतो, म्हणजे ही गरज सरळ उत्पन्नाची आहे. पण ‘रस्ता करून द्या’ एवढ्या अर्जाने काही होत नाही. आधी रस्त्याला क्रमांक आहे का ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात पाहा. ग्रामीण मार्ग असेल तर तो तीस-चोपन्न (3054) लेखाशीर्षात, म्हणजे सरकारी खर्चाच्या त्या खात्यात, बसतो, इतर जिल्हा मार्ग असेल तर पन्नास-चोपन्नमध्ये (5054). क्रमांक नसेल तर तो मिळवणं हेच पहिलं काम.

मग ग्रामसभेचा ठराव, शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक, जागेचा सातबारा आणि हेच काम दुसऱ्या योजनेत घेतलं नसल्याचा दाखला जोडा. जागा खासगी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्रच घ्या. नुसत्या संमतीपत्रावर काम सुरू झालं की वारसांपैकी कुणीतरी हरकत घेतो आणि यंत्र परत जातं.

धडगाव-अक्कलकुव्यात अडचण वेगळी: जमीन वनखात्याची. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) खाली रस्ता, अंगणवाडी, शाळा अशा तेरा सुविधांसाठी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. अट अशी की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ही परवानगी निधीच्या आधी काढा. अनेक मंजूर कामं इथेच अडकून पडतात.

वेळ सांभाळा. पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात ठरतो, म्हणून प्रस्ताव दिवाळीपूर्वी काम करणाऱ्या यंत्रणेकडे पोहोचलेला बरा. नव्या निधीतून आधी जुन्या अपूर्ण कामांचं दायित्व, म्हणजे देणं बाकी असलेली रक्कम, वजा होतं, नव्या कामांना उरेल ते. म्हणून यादीत नाव आलं तरी थांबू नका. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश असा प्रत्येक टप्पा विचारत राहा. आचारसंहिता लागली की नवं काम सुरू करता येत नाही, आणि 31 मार्चपर्यंत न वापरलेला निधी परत जातो. फेब्रुवारीच्या सुमारास मागे पडलेल्या योजनांचा पैसा पुनर्विनियोजनाने दुसरीकडे वळवतात. तेव्हा ज्याची कागदपत्रं पूर्ण असतात त्याच गावाला तो मिळतो.