दगडी ओटा आणि फरशी: कोणत्या धोक्याची किती काळजी करावी

ग्रॅनाइटच्या ओट्यातून किरणोत्सर्ग होतो, असा संदेश अधूनमधून मोबाइलवर फिरतो आणि नुकताच ओटा बसवलेल्या घरात चिंता सुरू होते. त्या संदेशात तथ्याचा अंश आहे. परंतु त्याला घाबरून जो ओटा उखडायला निघेल, तो क्षुल्लक धोका टाळण्याच्या नादात त्याहून कितीतरी मोठा धोका घरात आणेल. म्हणून आधी आपल्या घरातील दगड कोणता, हे ओळखावे.

त्यासाठी नजरेआड असलेल्या एखाद्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा आणि दहा मिनिटांनी पुसावा. तिथली चकाकी जाऊन मंद डाग उमटला, तर दगड चुनखडीच्या कुळातला आहे. कडप्पा, शहाबाद, कोटा आणि संगमरवर हे सगळे त्यात येतात. डाग पडला नाही, तर तो बहुधा ग्रॅनाइट किंवा त्यासारखा कठीण दगड असतो. अस्सल ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजेच स्फटिकरूप सिलिका, साधारणपणे पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक असते. मात्र बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकले जाणारे बरेच दगड भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसतातच. आंध्र प्रदेशातील चिमकुर्ती येथून येणारा प्रसिद्ध ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा गॅब्रो या गडद खडकांच्या गटातला आहे आणि अशा गडद दगडांत क्वार्ट्झ व युरेनियम दोन्ही कमी असतात.

ग्रॅनाइटमधील अत्यल्प युरेनियमच्या विघटनातून रेडियम आणि पुढे रेडॉन हा वायू तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि दीर्घकाळ अधिक प्रमाणात श्वासात गेल्यास त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी प्रति घनमीटर 100 बेक्वेरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) ही संदर्भ पातळी सुचवली आहे. तथापि, घरातील रेडॉनचा मुख्य स्रोत इमारतीखालची जमीन हा असतो. ओट्याचा वाटा सहसा नगण्य असतो. अमेरिकेत 2008 साली ग्रॅनाइटच्या ओट्यांवरून बरीच चर्चा झाली, तरी ओट्यामुळे घरातील किरणोत्सर्ग नेहमीच्या पातळीपेक्षा वाढण्याची शक्यता अत्यंत कमी आहे, असेच तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे म्हणणे आहे. स्वयंपाकघराची खिडकी रोज उघडी ठेवावी, एवढे पुरे.

खरी सावधगिरी हवी ती दगड कापण्याच्या दिवशी. सिंकसाठी भोक पाडताना किंवा कडा घासताना ग्राइंडरमधून जो पांढरा धुरळा उडतो, त्यातील सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर बरे करणारा इलाज नाही. एखाद्या दिवसाच्या धुरळ्याने घरच्यांना हा आजार जडेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण दमेकऱ्याला तो तेवढाही सोसत नाही, आणि रोज हेच काम करणाऱ्या कारागिराच्या बाबतीत तर तो जिवावर बेतणारा प्रश्न आहे. शक्यतो मापे देऊन दगड कारखान्यातूनच कापून आणावा. घरी कापणे अटळ असेल, तर गॅलरीत किंवा गच्चीवर आणि ओल्यानेच कापायला सांगावे. झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून मदतनीसाने पात्यावर पाण्याची धार धरली, तरी धुरळा बराच कमी होतो. पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने यंत्राची जोडणी ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे बटण) असलेल्या बोर्डावरच द्यावी. कारागिरांना तोंडाला बांधायच्या फडक्याऐवजी एन-95 मास्क आपण आणून द्यावेत. मजुरीच्या हिशेबात ती रक्कम दिसतही नाही. काम संपल्यावर केरसुणी फिरवू नये, कारण खाली बसलेली धूळ तिने पुन्हा हवेत उडते. ओल्या फडक्याने दोनतीनदा पुसून घ्यावे.

‘क्वार्ट्झ’ या नावाने मिळणारा कृत्रिम ओटा घेणाऱ्यांनी तर ही दक्षता दुपटीने घ्यावी. त्यात सिलिकाचे प्रमाण अनेकदा 90 टक्क्यांच्या वर असते, आणि तो कापणाऱ्या कामगारांमधील सिलिकोसिसमुळेच ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली.

न्हाणीघरातील कडप्प्यावरचे डाग काढायला अनेक घरांत ॲसिड वापरले जाते. ते चुनखडीवर पडताच फेस येतो, दगड झिजतो, पृष्ठभाग खडबडीत होऊन मळ अधिकच धरतो आणि बंद जागेतील वाफांनी घसा जळजळतो. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली गेली, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. साधा सौम्य साबण, कोमट पाणी आणि ब्रश यांवरच भागवावे.

ओट्याचे सांधे आणि तडे मात्र तपासत राहावे, कारण कच्च्या मासळीचे किंवा चिकनचे पाणी तिथेच मुरते. मासळी-चिकन कापायला वेगळी पाटी वापरावी. दगडावर टाकलेला पाण्याचा थेंब दहा मिनिटांत गडद डाग सोडत असेल, तर सीलर, म्हणजे दगडात पाणी मुरू न देणारा लेप, लावावा आणि त्याचा वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

घरात वयस्क माणसे असतील, तर गुळगुळीत पॉलिशच्या फरशीवर सांडलेले पाणी हाच सर्वांत नजीकचा धोका समजावा. न्हाणीघरासाठी फरशी निवडताना दुकानात तिचा एक तुकडा जमिनीवर ठेवायला सांगावा, त्यावर तांब्याभर पाणी ओतावे आणि आधाराला कोणाचा तरी हात धरून अनवाणी उभे राहून पाहावे.