'स्वॉनसाँग' पहिल्यांदा बघताय? मग खुर्चीवर नजर ठेवा

कंटेम्पररी डान्स म्हटलं की आपल्याकडे बरेच जण 'काही कळत नाही बुवा' म्हणून सोडून देतात, पण ब्रिटिश नृत्यदिग्दर्शक क्रिस्टोफर ब्रूसचं 'स्वॉनसाँग' कुठे बघायचं आणि काय ऐकायचं हे ठाऊक असलं की थेट आत घुसतं. एक कोठडी, एक कैदी, त्याची चौकशी करणारे दोघं, एक खुर्ची आणि साधारण अर्धा तास, बस.

आधी थोडी माहिती असू द्या. ब्रूसने हे १९८७ साली लंडन फेस्टिव्हल बॅलेसाठी बसवलं (आताचं इंग्लिश नॅशनल बॅले), पहिला प्रयोग स्पेनमध्ये बिलबाओला झाला. यामागे प्रेरणा म्हणून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेचं राजकीय कैद्यांसाठीचं काम होतं आणि चिलीचा गायक व्हिक्टर हारा होता, ज्याला १९७३ च्या लष्करी उठावानंतर सँटियागोच्या स्टेडियममध्ये हाल करून मारलं. पण स्टेजवर चिलीचं नाव नाही, झेंडा नाही, कैदी साध्या टीशर्ट-जीन्समध्ये आणि ते दोघं खाकीत, त्यामुळे हा कुठला देश ते शोधत बसू नका, कुठलाही असू शकतो हेच तर त्यात भयंकर आहे.

पहिल्यांदा बघताना कान उघडे ठेवा, व्हिडिओ असेल तर हेडफोन लावाच. सुरुवातीची चौकशी पायांनी होते, टॅपमध्ये, म्हणजे बुटांच्या ठोक्यांनी ताल वाजवणाऱ्या नाचात. दोघं पायांनी प्रश्न विचारतात आणि कैद्याने पायांनीच उत्तर द्यायचं. कथकचा सवाल-जवाब ऐकलेला असेल तर हे चटकन पकडता येईल, फक्त तिथे तबला आणि घुंगरू एकमेकांना दाद देत पुढे जातात आणि इथे उत्तर कसंही दिलं तरी चुकीचंच ठरणार, हे आपल्याला त्या लयीतूनच कळायला लागतं. फिलिप शँबॉनचं इलेक्ट्रॉनिक संगीत आणि पायांचा आवाज कधी एकमेकांत मिसळतात तेही ऐका.

मग डोळे खुर्चीवर. तीच खुर्ची कधी बेडी होते, कधी ढाल, कधी गज, कधी कैद्याच्या हातातलं हत्यार, आणि कधी नुसती टेकायची जागा. कुणाच्या हातात खुर्ची आहे एवढं जरी बघत राहिलात तरी त्या क्षणी सत्ता कुणाकडे आहे ते कळत जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मध्ये ते दोघं एकदम जुन्या करमणुकीच्या शोसारखं हलकंफुलकं नाचायला लागतात, त्या भागाचं नावच 'टी फॉर टू' आहे, कैद्याला लाल नाक लावतात, पुढे हातात काठ्याही येतात. इथे हसू आलं तर दाबू नका, येऊ द्या, आणि मग आपण कुणाबरोबर हसतोय ते बघा. मला हा भाग मारहाणीपेक्षा जास्त क्रूर वाटतो, कारण त्या दोघांना आपल्या कामाची मजा येतेय आणि ते दोघं अगदी एकसारखे, एका तालात, माणूस म्हणून वेगळे उरलेलेच नाहीत.

याच्या उलट कैद्याचे सोलो, म्हणजे त्याने एकट्याने केलेले नाच. पहिल्या दोन सोलोंत दोघं निघून गेलेले असतात, आणि जमिनीला खिळलेले पाय एकदम सुटतात, हात पंखांसारखे उघडतात, पाठ लांब होते. वरून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्याकडे तो किती वेळा वळतो ते बघा. शेवटचा सोलो मात्र वेगळा आहे, तिथे दोघं स्टेजवरच उभे असतात पण त्यांची नजर रिकाम्या खुर्चीवर आणि हा नाचतोय दुसरीकडे, म्हणजे काय झालंय ते तुम्ही ओळखा, कुणी आधी सांगून टाकू नये.

नंतर लगेच दुसरा व्हिडिओ लावू नका. जमलं तर दुसऱ्या दिवशी परत बघा, या वेळी फक्त त्या दोघांकडे.

स्वतः नाचत असाल किंवा शिकवत असाल तर तिघांना घेऊन एक खुर्ची मांडा आणि फक्त पायांच्या आवाजात प्रश्न-उत्तर करा, चेहऱ्यावर अभिनय अजिबात नको, बसलेल्याने उठायचं नाही. मग जागा बदला, प्रत्येकाने खुर्चीत बसायचंच, आणि ज्याला प्रश्न विचारायला जास्त मजा आली त्याच्याशी त्याबद्दल नीट बोला.