15 ऑगस्टच्या कार्डावर काय लिहायचं, आणि कुठं लिहायचं नाही

बेळगावच्या शहापुरात आमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं बारकं दुकान आहे. जुलै संपत आला की दरवर्षी तेच, शाळेची पोरं, त्यांच्या आया, गावाकडनं बाजाराला आलेली एखादी आजी, सगळे काउंटरवर कार्ड ठेवतात आणि म्हणतात, "दोन ओळी लिहून दे की रे, तुझं अक्षर चांगलंय." अक्षर बरं आहे माझं, खरं मजकूर माझा कसा चालेल? (बेळगावकरांना हे 'खरं' कळलं असेल, पुण्याच्या मंडळींनी तिथं 'पण' वाचावं.)

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी सगळ्यांना एकच छापील मजकूर द्यायचो, स्वातंत्र्य दिनाच्या हार्दिक शुभेच्छा, वीर जवानांना शतशः नमन, जय हिंद, संपला विषय. मग एकदा खानापूरकडची एक मावशी परत आली. तिचा मुलगा फौजेत, त्याला कार्ड पोचलं आणि त्यानं फोन करून विचारलं, "आई, हे तू पाठवलंयस की बँकेनं?" मावशी हसत होती, मला मात्र लाज वाटली.

तेव्हापासून मी लिहायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, आज घरातनं निघालीस तेव्हा काय चाललेलं? मावशी म्हणाली, काय चालायचंय, पाऊस, रोपलावण झाली, म्हस व्यालीय. म्हटलं बास, हेच लिहूया. तिचं दुसरं कार्ड असं झालं:

"बाळ, पाऊस चांगला लागलाय. लावण परवा संपली, तुझ्या बाबांची कंबर धरलीय. म्हस व्याली, रेडी झालीय. खरवस केला, तुझ्या वाटणीचा शेजारच्या पोरांनी खाल्ला. शाळेत झेंडावंदनाला जाणार आहे, तुझा शर्ट घालून बाबा येणार म्हणतात. स्वातंत्र्य दिनाच्या शुभेच्छा. आई."

यात देशभक्तीचा एक शब्द नाही बघा. तरी ते पोरगं कार्ड खिशात घालून फिरत होतं म्हणे.

तर पद्धत काय, आधी घरची किंवा गल्लीची डोळ्यानं बघितलेली एक गोष्ट, मग त्या माणसाशी संबंध असलेली एक ओळ, आणि शुभेच्छा सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, शुभेच्छा पहिल्यांदा लिहितात आणि मग पुढं काय लिहायचं सुचत नाही म्हणून नेटवरची चारोळी उतरवून काढतात. चारोळी लिहूच नका असं नाही, तुमची स्वतःची असेल तर लिहा, यमक चुकलं तरी चालतंय.

रिटायर फौजी तर आपल्याकडं गल्लोगल्ली. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात, त्यामुळं गावागावात एक तरी सुभेदार काका असतोच. त्यांना "आपल्या शौर्याला सलाम" लिहिलं की ते मान हलवतात आणि कार्ड टीव्हीवर ठेवून देतात. त्यापेक्षा हे बघा, एका पोरीनं लिहिलेलं: "काका, गेल्या वर्षी झेंडा वर जाताना दोरी अडकली, सगळे नुसते बघत होते, तुम्ही उठून गाठ सोडवली. यंदा पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय, या." हे मी सांगितलेलं नाही, तिनंच लिहिलं, मी फक्त 'र्ची' वरचा रफार नीट केला. मराठा रेजिमेंटमधले असतील तर शेवटी "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" टाकलं तरी शोभतं, ती त्यांची युद्धघोषणाच आहे. दुसऱ्या रेजिमेंटच्या माणसाला मात्र आधी विचारून घ्या, त्यांची घोषणा वेगळी असते आणि त्या बाबतीत फौजी लोक लय हळवे.

आता चुका. या मी स्वतः केलेल्या आहेत.

'स्वातंत्र' नाही, 'स्वातंत्र्य'. त्र ला य जोडायचा. बॅनरवर सुद्धा चुकलेलं असतं, म्हणून बॅनर बघून उतरवू नका. आणि 15 ऑगस्ट म्हणजे स्वातंत्र्य दिन, 26 जानेवारी म्हणजे प्रजासत्ताक दिन, हे हसण्यावारी नेऊ नका, मी एकदा वीस कार्डं 'प्रजासत्ताक' लिहून मोकळा झालेलो, पोरं घेऊनही गेली, गुरुजींनी परत पाठवली.

कितवा दिन ही दरवर्षीची भांडणं. सोपा हिशोब आहे, सालातनं 1946 वजा करा. 2026 चा 80वा स्वातंत्र्य दिन, कारण 15 ऑगस्ट 1947 हाच पहिला. वर्षं मात्र 79 पूर्ण होतात, म्हणून 'वर्धापन दिन' लिहायचा असेल तर 79वा. डोक्यात गोंधळ होत असेल तर आकडा लिहूच नका, कार्डाचं काही अडत नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक, झेंड्यावर लिहिणं. कार्डावर तिरंगा काढतात आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यात जागा मोकळी दिसते म्हणून तिथंच "हॅपी इंडिपेंडन्स डे" ठोकतात. तसं करायचं नाही. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाबद्दलचा 1971 चा कायदा आहे, त्यात झेंड्यावर अक्षरं लिहिणं हा अवमान धरलाय, आणि त्या कायद्यात झेंडा म्हणजे चित्रातला झेंडा पण धरलाय. शाळेच्या पोराला कुणी पकडायला येणार नाही, खरं चांगली सवय लागलेली बरी. झेंडा वरच्या कोपऱ्यात बारका काढा, मजकूर खाली. नाहीतर झेंडा नकोच, केशरी-हिरवी नुसती किनार ओढा, त्यावर काही बंधन नाही.

झेंडा काढणारच असाल तर लांबी-उंची 3 ला 2. चक्राचे आरे 24, पोरं कधी सोळा काढतात कधी वीस, हातानं जमतच नाही, कोनमापक ठेवून दर 15 अंशाला रेघ मारा, बरोबर 24 होतात. चक्र निळं, काळं नाही. बाय द वे, खादीचे सरकारी मापाचे झेंडे आपल्या शेजारी हुबळीला बेंगेरीत तयार होतात, हे पोरांना सांगितलं की ती जरा सरळ बसून चक्र काढतात.

फौजेतल्या माणसाला कार्ड पाठवताना पत्ता: नंबर, रँक, नाव, युनिट आणि खाली केअर ऑफ 56 एपीओ किंवा 99 एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस), जे त्यानं दिलं असेल ते, आणि त्यानं दिलेला पिनकोड. गावाचं किंवा राज्याचं नाव घालायचं नाही. तो कुठं आहे हे तुम्हाला माहीत असलं तरी पाकिटावर नको, आतल्या मजकुरात नको, आणि पाकिटाचा फोटो काढून स्टेटसला तर अजिबात नको. पोस्टात लवकर टाका, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेलं तर निवांत. 'रजिस्टर' मागायला गेलात तर काउंटरवर स्पीड पोस्टच सांगतील, 2025 पासून ते त्यातच मिसळलंय. राखी पौर्णिमा जवळ आली असेल तर राखी त्याच पाकिटात घाला, बहिणींचा एक खर्च वाचतो.

कन्नड शेजाऱ्यांना कार्ड द्यायचं का, असं एका पोरानं घाबरत घाबरत विचारलं. का नाही द्यायचं? वर "स्वातंत्र्य दिनाचरणेय शुभाशयगळु" लिहायचं, कन्नड लिपी येत असेल तर कन्नडमध्ये, नाहीतर त्यांच्या घरच्या पोराकडनं लिहून घ्यायचं, आणि खाली आपलं मराठीत. आमच्या बाजूच्या अज्जींना मी दरवर्षी असंच देतो, त्या मराठी वाचत नाहीत खरं समजतात सगळं, मी वाचून दाखवतो आणि त्या कुंदा (आमच्या बेळगावची दुधाची मिठाई) देतात. सीमाप्रश्न कार्डात आणू नका एवढंच, त्याला वर्षातले बाकीचे दिवस आहेत. त्यापेक्षा दोन्ही घरांना माहीत असलेलं काहीतरी लिहा. इंग्रजांशी लढलेले कित्तूरचे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा, त्यांचा जन्मदिवस 15 ऑगस्टचाच मानतात आणि त्यांना फाशी दिली ती 26 जानेवारी 1831 ला आपल्या नंदगडमध्ये, दोन्ही तारखा पुढं जाऊन अशा जुळल्या. मास्तरांना द्यायचं कार्ड असेल तर 1924 चं काँग्रेस अधिवेशन आहे, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, ते बेळगावच्या टिळकवाडीत भरलेलं, काँग्रेस विहीर त्याच्यासाठीच खोदलेली. "सर, तुम्ही आम्हाला काँग्रेस विहीर दाखवायला नेलेलं, आणि मी डबा विसरलेलो, तुमच्यातली अर्धी भाकरी दिलीसा" असं लिहिलं की इतिहासही आला आणि सर पण आले.

परदेशातल्या पोरांचं वेगळं. माझा भाचा अमेरिकेत जन्मलेला, त्याचा सण 4 जुलै. तिकडं तेव्हा भर उन्हाळा, सुट्टी, अंगणात निखाऱ्यावर भाजाभाजी आणि रात्री फटाके. 4 जुलै 1776 ला त्यांचा जाहीरनामा मंजूर झाला, म्हणजे 2026 ला 250 वर्षं झाली. पहिल्या वेळी मी त्याला आपलंच 15 ऑगस्टचं वाक्य तारीख बदलून पाठवलेलं, 'वीर हुतात्मे' वगैरे, आठ वर्षाच्या पोराला काय कळणार, त्यानं आईला विचारलं, मामा रागावलाय का. आता त्याला मोठ्या अक्षरात चार सोप्या ओळी लिहितो: "तुमच्या झेंड्यावर 50 तारे आहेत ना? मी इथं आभाळात मोजायला गेलो, पावसानं एक पण दिसला नाही. तुमच्याकडं फटाके, आमच्याकडं गडगडाट. आजी विचारतीया, कधी येतोस." हे कार्ड मात्र मे महिन्यातच पोस्टात टाकावं लागतं, नाहीतर सण होऊन गेल्यावर पोचतं.

व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तरी नियम तेच, फक्त दुसऱ्याचा फॉरवर्ड केलेला फोटो नको. हातानं लिहिलेल्या कार्डाचा फोटो पाठवा. सकाळी सहाला नको, झेंडावंदन होऊन लोक घरी येऊन चहा घेतात तेव्हा पाठवा, तेव्हा वाचतात.

शेवटी पेन. हे हसण्यासारखं वाटेल, खरं बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जेल पेन वापरू नका. मी एकदा सगळी कार्डं निळ्या जेलनं लिहिली, झेरॉक्स मशीनवर वाळत ठेवली, पत्रा गळला आणि सकाळी सगळे मजकूर एकात एक. साधा बॉलपेन घ्या, दाबून लिहा, पाकिटाच्या तोंडाला डिंक, वर पत्त्यावर पारदर्शक टेप. स्केचपेननं किनार केली असेल तर मधे एक कोरा कागद घाला, नाहीतर केशरी रंग सगळा मजकुरावर उमटतो आणि पोरं मग माझ्याकडं दुसरं कार्ड मागायला येतात, फुकट.