दोन खोल्या, तीन पात्रं: मुंबईत पहिला क्वीअर लघुपट करताना

पहिल्या क्वीअर, म्हणजे समलिंगी किंवा ट्रान्स माणसांच्या, लघुपटाला दहा मिनिटं पुरतात. म्हणजे साधारण दहा पानं, दोन-तीन पात्रं, एक घर आणि फार तर बाहेरची एक जागा. नवख्यांची पटकथा बहुतेकदा एकाच कारणाने फसते. शाळेतली चिडवाचिडवी, पहिलं प्रेम, आईबाबांना सांगणं आणि शेवटी प्राइड मार्च, सगळं त्या दहा पानांत कोंबलेलं असतं. त्यापेक्षा एकच संध्याकाळ घ्या. समजा, दादरच्या चाळीत धाकटीला बघायला पाहुणे येणार आहेत आणि भावाचा मित्र स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरतोय. त्या दोघांचं नातं फक्त थोरल्या बहिणीला ठाऊक आहे. लिहायला बसण्याआधी कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाही, याची यादी करा. पुढे अडाल तिथे तीच यादी वाट दाखवते.

संवादांत सगळ्यात जास्त लक्ष क्रियापदांकडे द्या. मराठीत 'मी गेलो' म्हटलं की बोलणाऱ्याचं लिंग कळतं. पात्र ट्रान्स स्त्री (जन्मवेळी मुलगा ठरवलेली, पण स्वतः स्त्री असलेली) असेल तर ती कोणासमोर 'गेले' म्हणते आणि कोणासमोर अजून 'गेलो' म्हणते, हे प्रत्येक वाक्याच्या बाजूला लिहून ठेवा. नाहीतर सेटवर घाईत चुकीचं रूप तोंडातून जातं आणि चूक एडिटिंगच्या वेळी लक्षात येते. सांभाळून बोलणाऱ्याला मराठी पळवाटाही देते. 'मी जाईन', 'मला निघायचंय', 'मी चहा घेतला' यांत काहीच उघड होत नाही. 'मी दमलो', 'मी येते' यांत लगेच होतं. 'आम्ही गेलो होतो' घरात खपून जातं, 'आम्ही दोघी' म्हटलं की आई मान वर करते. या बारकाव्यावर अख्खा प्रसंग उभा राहतो. इतकी वर्षं 'आलास का?' विचारणाऱ्या आईने एका रात्री दार उघडताना 'आलीस का?' म्हटलं, की कबुलीचं लांबलचक भाषण लागतच नाही.

अडचण एवढीच की इंग्रजी सबटायटलमध्ये 'आलास' आणि 'आलीस' दोन्ही एकसारखेच दिसतात. म्हणून संवादातच 'आलीस का पोरी?' असं लिहा. 'पोरी'चं भाषांतर होतं. हे पटकथेतच ठरवावं लागतं, नंतर डबिंगने जुळवायला गेलात की कृत्रिम वाटतं. 'हिजडा', 'ट्रान्स स्त्री' आणि 'गे' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. हिजडा समाजाला स्वतःची गुरु-चेल्यांची रीत आहे, आणि प्रत्येक ट्रान्स स्त्री त्या घराण्यात असतेच असं नाही. पटकथा त्या-त्या समाजातल्या किमान दोघांकडून वाचून घ्या आणि वाचनाचे पैसे द्या. ट्रान्स भूमिकेसाठी ट्रान्स कलाकारच शोधा. क्रियापदांच्या अर्ध्या चुका तिथेच टळतात.

आता संमतिपत्र. बाजारात मिळणारा छापील नमुना इथे अपुरा पडतो, कारण तुमच्या टीममध्ये घरी काहीच न सांगितलेली माणसं असू शकतात. प्रत्येकाला वेगवेगळं विचारा: श्रेयनामावलीत कुठलं नाव हवं? पोस्टरवर चेहरा चालेल? सेटवरचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे का? चित्रपट फक्त महोत्सवांत दाखवायचा की नेटवरही? प्रत्येक उत्तरापुढे वेगळी सही घ्या. कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, निवडलेलंच नाव लिहा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला आणि चित्रपटाला शूटिंगपुरतं साधं नाव ठेवा, कारण घरी चार्जिंगला लावलेल्या फोनवर नोटिफिकेशन कोणीही वाचतं. नुकसान होतं ते बहुतेक वेळा अशाच एखाद्या फोटोने किंवा टॅगने.

जवळिकीच्या प्रसंगाची तालीम आधी कपडे घालून, कॅमेऱ्याशिवाय करा. हात कुठे, किती वेळ, 'थांब' कसं म्हणायचं, हे कागदावर लिहा आणि त्या दिवशी त्यात भर घालू नका. खोलीत कलाकारांखेरीज चारच माणसं ठेवा: दिग्दर्शक, कॅमेरा, साउंड आणि कलाकारांनी निवडलेलं कोणीतरी. दारावर एक माणूस उभा करा. चाळीत शेजारीण वाटी घेऊन सरळ आत येते. अशा प्रसंगात अठरा वर्षांखालचं कोणीही नको.

जागेसाठी ओळखीचं घर बघा आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं लेखी पत्र घ्या. विषय विचारला तर खरं सांगा; खोटं सांगून मिळवलेली परवानगी दुपारी दोन वाजता, निम्मं शूटिंग बाकी असताना रद्द होते. कोणी 'हे बेकायदा आहे' म्हणालं तर सांगा, सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले आहेत. लोकलच्या डब्यात आणि फलाटावर रेल्वेच्या परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. घराच्या खिडकीतून ऐकू येणारी लोकल तेवढंच काम करते.

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे मोबाइलच्या नेहमीच्या ३० फ्रेमवर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लुकलुकतात, आणि ते नंतर धड निघत नाही. दिवे एलईडीचेच घ्या. जुन्या इमारतींत दोन हजार वॅटचे दिवे एका सॉकेटवर लावले की एमसीबी पडतो.

आवाजाला मात्र जास्त वेळ द्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. टेकच्या वेळी पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना स्वतःच्या स्कूटरची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू केल्याशिवाय जाता येत नाही. बूम, म्हणजे काठीवरचा माइक, तोंडापासून दीड-दोन फुटांवर. प्रत्येक खोलीचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड करा. तो नसेल तर एडिटिंगमध्ये दर कटला आवाज उडी मारतो. कॉलर माइक कलाकाराला स्वतः लावू द्या. ट्रान्स पुरुष कलाकार बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घालत असेल तर माइक कुठे लावायचा हे आधी त्याला विचारा, आणि दिवस आठ तासांच्या आत संपवा. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात बंद पंख्याखाली बाइंडरने श्वास कोंडतो. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली संवादांचं शूटिंग ठेवू नका.

रेडिओवर किंवा रिंगटोनमध्येही हिंदी गाणं वाजू देऊ नका. हक्क नसतील तर महोत्सवात अडचण येते आणि यूट्यूबवर दावा ठोकला जातो. सबटायटल जास्तीत जास्त दोन ओळींचे ठेवा, एका ओळीत चाळीसेक अक्षरं.

मुंबईत २०१० साली सुरू झालेल्या कशिश या क्वीअर चित्रपट महोत्सवात विद्यार्थ्यांच्या लघुपटांचा विचार होतो, नवोदित भारतीय दिग्दर्शकासाठी दिग्दर्शक रियाद वाडियांच्या नावाचं पारितोषिकही आहे. प्रवेशिका काही महिने आधी बंद होतात, म्हणून एडिटिंग शेवटपर्यंत लांबवून चालत नाही. महोत्सवांना पासवर्ड लावलेली लिंक पाठवा. चित्रपट आधीच नेटवर खुला असेल तर काही ठिकाणी तो प्रीमियरच्या अटीत बसत नाही. महोत्सवात सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, सूट आयोजक घेतात. तिकीट लावून थिएटरात दाखवायचा तर लागतं.

वर्षभराने नेटवर टाकायची वेळ आली की संमतिपत्रं पुन्हा काढा आणि प्रत्येकाला फोन करा. तेव्हा हो म्हणालेल्या माणसाचं मधल्या काळात घर बदललेलं असतं, नोकरी बदललेली असते. कोणी नको म्हणालं तर श्रेयनामावलीतलं नाव आद्याक्षरावर आणा, पोस्टर बदला, आणि चेहराच दिसत असेल तर चित्रपट महोत्सवांपुरताच ठेवा.