अ‍ॅफिलिएट कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी: ब्रँडच्या नावावरील बोलीसाठी करावयाची तयारी

अ‍ॅफिलिएट म्हणजे आपल्या लिंकवरून झालेल्या विक्रीवर कमिशन घेणारा भागीदार. काही अ‍ॅफिलिएट गुगलवर तुमच्याच ब्रँडच्या नावाच्या शोधासाठी बोली लावतात, म्हणजे त्या शोधावर जाहिरात लागावी म्हणून पैसे मोजतात, आणि तिथून आलेल्या ऑर्डरवर कमिशन घेतात. ते रोखण्यासाठी पहिले काम स्वतःच्या नावाची शब्दसूची तयार करण्याचे आहे, आणि त्याला वेळ द्यावा. केवळ नोंदणीकृत नाव पुरत नाही. नाव जोडून व तोडून लिहिलेले प्रकार, रोमन लिपीतील नेहमीच्या चुका, देवनागरीतील ऱ्हस्व-दीर्घाचे फरक आणि नावापुढे ‘कूपन’, ‘ऑफर’, ‘सेल’, ‘रिव्ह्यू’ हे शब्द लावून केलेले शोध, हे सगळे सूचीत असावे. गुगल अ‍ॅड्समधील सर्च टर्म्सचा अहवाल आणि सर्च कन्सोल या गुगलच्या संकेतस्थळमालकांसाठीच्या साधनातील शोधशब्द एकत्र ठेवले, की ग्राहक आपले नाव प्रत्यक्षात कसे टाइप करतात ते दिसते. मराठी ग्राहक असलेल्या व्यवसायांच्या सूचीतून देवनागरी रूपे हमखास सुटतात, आणि अशा शब्दांवर मालकाचीच जाहिरात नसेल तर ते इतरांना स्वस्तात मिळतात.

दुसरे काम हिशेबाचे. समजा, दोन हजार रुपयांच्या ऑर्डरवर आठ टक्के, म्हणजे १६० रुपये कमिशन ठरले आहे. तुमच्या नावाच्या शोधावर एका क्लिकला पाच रुपये पडत असतील आणि दहा क्लिकमागे एक ऑर्डर येत असेल, तर अ‍ॅफिलिएटचा खर्च पन्नास रुपये होतो आणि ११० रुपये त्याच्याकडे उरतात. ज्याने तुमचेच नाव टाइप केले, तो ग्राहक बहुधा तुमच्याकडेच येणार होता. खऱ्या अर्थाने नवा ग्राहक मिळवून देणाऱ्या, मेहनतीने लेख व तुलना लिहिणाऱ्या अ‍ॅफिलिएटच्या वाट्याचे पैसे इथे दुसरीकडेच जातात, आणि माझ्या मते या प्रकारातील सर्वांत मोठा अन्याय तोच आहे.

करार लिहिण्यापूर्वी कायद्याची स्थिती समजून घ्यावी. गुगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी असे म्हटले, की कीवर्ड, म्हणजे जाहिरात लागण्यासाठी निवडलेला शोधशब्द, म्हणून केलेला ट्रेडमार्कचा वापर हा कायद्याच्या अर्थाने ‘वापर’च आहे, परंतु ग्राहकाची दिशाभूल किंवा गैरफायदा असे काही नसेल तर तेवढ्यावरून उल्लंघन ठरत नाही. गुगलचे धोरणही ट्रेडमार्कवर कीवर्ड म्हणून बोली लावण्यास मनाई करत नाही. मालकाने तक्रार केल्यास जाहिरातीच्या मजकुरातील वापरावर मात्र मर्यादा येऊ शकते. म्हणून प्रतिस्पर्ध्याला रोखणे अवघड असले, तरी अ‍ॅफिलिएटला करारानेच बांधता येते.

करारात शब्दसूची परिशिष्ट म्हणून जोडावी. त्या शब्दांवर बोली लावू नये एवढेच लिहून भागत नाही, तर ते निगेटिव्ह कीवर्ड म्हणून, म्हणजे ज्यांवर जाहिरात लागू नये असे शब्द म्हणून, टाकणे बंधनकारक करावे. कारण ‘पैठणी ऑनलाइन’ यासारख्या सामान्य शब्दावर ब्रॉड मॅच (संबंधित इतर शोधांवरही जाहिरात लागू देणारा पर्याय) ठेवले असताना तुमच्या नावाच्या शोधावरही जाहिरात लागू शकते, आणि तसे झाल्यास तो हेतुपुरस्सर केलेला प्रकार नसतो. आपल्या संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीत दाखवून अ‍ॅफिलिएट लिंकमार्गे ग्राहकाला थेट आपल्याकडेच पाठवण्यास स्पष्ट मनाई करावी, कारण अशी जाहिरात लिलावात तुमच्याच जाहिरातीशी स्पर्धा करते. सब-अ‍ॅफिलिएटच्या, म्हणजे अ‍ॅफिलिएटच्या हाताखाली काम करणाऱ्याच्या, कृत्याची जबाबदारी कोणाची, हेही लिहावे.

तपासणीची तयारी बारकाईने करावी लागते. बोली लावणारे काही जण मालकाचे कार्यालय असलेले शहर वगळतात आणि कार्यालयीन वेळेनंतरच जाहिरात चालू करतात. त्यामुळे पुण्यातील कार्यालयात दुपारी केलेल्या शोधात काहीच सापडत नाही. गुगल अ‍ॅड्समधील जाहिरात-पूर्वावलोकनाच्या साधनात ठिकाण, भाषा आणि उपकरण बदलून रात्री व रविवारी पाहावे. त्याच लिलावांत आणखी कोण जाहिरात देतो ते दाखवणाऱ्या ऑक्शन इनसाइट्स अहवालात अनोळखी डोमेन दिसते. मात्र जाहिरातीवर तुमचाच पत्ता असेल तर या अहवालातून फारसे हाती लागत नाही, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

संशयित जाहिरात सापडली की क्लिक करण्यापूर्वी ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडावी, डेव्हलपर टूल्समधील ‘नेटवर्क’ हा भाग उघडून ‘प्रिझर्व्ह लॉग’ सुरू करावे आणि मगच पुढे जावे. क्लिकनंतर पान ज्या ज्या पत्त्यांवरून फिरत येते ती साखळी तिथे उमटते आणि बहुतेक वेळा त्यातच अ‍ॅफिलिएटचा क्रमांक असतो. शोधशब्द, वेळ, ठिकाण, जाहिरातीचे चित्र आणि ही साखळी एकत्र जपावी. जाहिरातीशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक केल्यास जाहिरातदाराचे नाव मिळू शकते, तेही नोंदवावे.

पहिल्या आढळाला आरोप करू नये. पुराव्यासह लेखी विचारणा करून निगेटिव्ह कीवर्ड टाकण्यास ठरावीक मुदत द्यावी. तोच प्रकार मुदतीनंतर पुन्हा दिसला, किंवा शहर वगळून रात्रीच जाहिरात चालवल्याचे दिसले, तर त्या काळातील कमिशन रद्द करावे. हे शक्य व्हावे म्हणून कमिशनसाठी ऑर्डर मंजूर करण्याचा अवधी अ‍ॅफिलिएट नेटवर्कशी, म्हणजे हा कार्यक्रम चालवणाऱ्या मध्यस्थ कंपनीशी, आधीच ठरवून घ्यावा आणि तो माल परत करण्याच्या मुदतीपेक्षा लांब ठेवावा. दिवाळीच्या विक्रीपूर्वी ही तरतूद झाली नाही, तर पुरावा हाती येईपर्यंत पैसे गेलेले असतात.